केटीएम बुडाली म्हणजे नेमकं काय झालं, मागची सगळी गोष्ट

२०२४ च्या नोव्हेंबर अखेरीला केटीएम या ऑस्ट्रियाच्या मोटरसायकल कंपनीनं कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज दिला आणि दुसऱ्याच दिवशी बेळगावच्या टिळकवाडीत चहाच्या गाड्यावर माझ्या भाच्याला दोघा-तिघांनी अडवलं, "काय रे, कंपनी बंद पडायलीय म्हणे की, विकून टाक आता गाडी." त्याची केटीएमचीच ३९० ड्यूक, केए-२२ पासिंग, हप्ते अजून चालू. एका एजंटानं त्याच आठवड्यात भाव पाडून मागितली. पोरगं खरंच घाबरलं होतं. त्याला जे समजावलं तेच इथं लिहितोय, कारण बेळगावात अर्धीच बातमी फिरली.

कंपनी बुडायची ही पहिली वेळ नव्हती. ऑस्ट्रियात मॅटिगोफेन म्हणून छोटं गाव आहे, तिथं हान्स ट्रुंकेनपोल्झ यांनी १९३४ ला वर्कशॉप टाकलं, १९५३ ला क्रोनराइफ भागीदार झाले, दोघांची आडनावं आणि गाव यांची पहिली अक्षरं मिळून केटीएम. १९९१ ला कर्जात गेली आणि तिचे तुकडे पडले, त्यामुळं सायकलवर दिसणारं केटीएम आज वेगळीच कंपनी आहे. मोटरसायकलचा भाग श्टेफान पीरर यांनी घेऊन परत उभा केला. २००७ ला बजाजनं १४.५ टक्के हिस्सा घेतला, तो वाढत वाढत ४८ च्या आसपास गेला, आणि जानेवारी २०१२ ला २०० ड्यूक आपल्याकडं आली. ती चाकणला बनायची, ३९० पण तिथंच. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत एकट्या चाकणमधून दहा लाख केटीएम बाहेर पडल्या होत्या, म्हणजे चोर्ला घाटात आपल्याला दिसते ती गाडी ऑस्ट्रियाची नाहीच, पुण्याची.

मग बुडालं काय? तिकडची कंपनी. कोरोनानंतर युरोप-अमेरिकेत गाड्या धडाधड खपल्या, यांना वाटलं असंच चालणार, म्हणून बनवतच सुटले. तेवढ्यात व्याजदर चढले, गिऱ्हाईक थांबलं, आणि कंपनी नि डीलर मिळून अडीच लाखांच्या वर गाड्या पडून राहिल्या. त्यात दुसऱ्या नावांनी चालवलेला सायकलींचा धंदा, एमव्ही अगुस्ता ही इटलीची मोटरसायकल कंपनी, असली खर्चाची ओझी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्याला हे वेगळं सांगायला नको, माल ओतून ठेवला आणि समोरच्यानं उचलला नाही तर विजेचं बिल आणि बँकेचं व्याज काय थांबत नाही. माझं स्पष्ट मत आहे, गाडी वाईट नव्हती, हिशोब चुकला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीकडं ज्यांचे पैसे अडकले होते त्यांनी ३० टक्क्यांवर तडजोड मान्य केली. आपल्याकडं सगळे म्हणाले वाचली वाचली, पण याचा अर्थ उरलेले ७० टक्के पैसे लोकांनी सोडले, आणि त्यात पार्ट पुरवणारे छोटे कारखानेही होते. बातम्यांत हे दोन ओळींत संपतं, मला तेच जास्त लागलं. आपल्या माच्छे-उद्यमबागेतल्या एखाद्याचं असं बिल अडकलं तर कामगारांचा पगार कुठून द्यायचा?

तडजोडीचे भरायचे पैसे मे महिन्यापर्यंत बजाजनं उभे केले, एकूण ८० कोटी युरो, आपले साडेसात हजार कोटींच्या पुढं. नोव्हेंबर २०२५ ला ताबाही बजाजकडं आला, मूळ ग्रुप पीरर मोबिलिटी होता त्याचं नावसुद्धा बजाज मोबिलिटी. २००७ ला छोटा हिस्सा घेऊन आत शिरलेला पुण्याचा भागीदार आज मालक आहे, आणि निपाणी-चिकोडीकडची आयटीआय केलेली पोरं चाकणला कामाला जातात त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नाही.

आता पुढचं सगळं मॅटिगोफेनवर आहे. खर्च कापायच्या नादात तिथलं इंजिन-डिझाइनचं काम आटलं तर चाकणला केटीएमच्या नारिंगी रंगाची नुसती बजाजची पल्सर निघेल, माझी भीती एवढीच आहे. त्यात सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागला, तेव्हाची ३९० त्यातच आली.

भाच्यानं गाडी विकली नाही, मागच्या रविवारी आंबोलीला जाऊन आला.