वरची दाढ काढली की नजर जाते? खुलासा

‘वरची दाढ काढू नका, डोळ्याची नस तुटते’ हे घरोघरी अजूनही ऐकू येतं. ते साफ चुकीचं आहे. वरच्या दातांच्या संवेदना वाहणारा मज्जातंतू वेगळा, दृष्टीचा वेगळा. दात काढायची वेळ आणि मोतीबिंदू बहुधा एकाच वयात येतात, म्हणून ही सांगड बसली.

पण आजीला दवाखान्यापासून लांब ठेवणारी ही एकटी भीती नाही. दाढ ठणकली की ती लवंग धरते, मिश्री लावते, भाकरी आमटीत कुस्करते आणि म्हणते, “आता या वयात कशाला खर्च?” ती मुलाच्या खिशाकडे बघून बोलत असते, हे ओळखा. मिश्री तंबाखूचीच, तिने दुखणं दबतं, पण हिरड्यांची वाट लागते. आरोग्य विम्यात दातांचे नेहमीचे उपचार सहसा नसतात. पंचाहत्तरीनंतर एसटी मोफत आहे, पण सोबत जायला रजा कोण काढणार? कवळीला तर अनेक खेपा लागतात.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च बराच कमी येतो. जाताना मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना आधी दाखवा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.