१९६५ ची रेघ

जुनी ट्रायल्स मोटरसायकल समोर आली की जाणकारांचा पहिला प्रश्न असतो : ही 'प्री-६५' (१९६५ च्या आधीची) की 'ट्विनशॉक' (त्यानंतरची)? १९६५ हे साल स्पर्धांच्या वर्गवारीत येतं, गाडीची ओळख पटवताना येतं आणि ती किती 'अस्सल' आहे यावरच्या भांडणांत तर हमखास येतं. ते एवढं महत्त्वाचं कसं झालं हे पाहिलं, तर या गाड्या ओळखणं इतकं कटकटीचं का आहे हेही कळतं.

ट्रायल्स ही वेगाची शर्यत नाही. ओढ्यातले दगडगोटे, चिखलाची चढण, झाडांची उघडी मुळं अशा आखून दिलेल्या तुकड्यातून गाडी पाय न टेकता बाहेर काढायची. ढोबळमानाने हिशेब असा : एकदा पाय टेकला की एक गुण अंगावर, सारखे टेकत गेलात तर तीन, गाडी अडकली की पाच. ज्याच्या अंगावर सगळ्यांत कमी तो जिंकला. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल १९०९ पासूनची. यॉर्कशरमधली स्कॉट ट्रायल १९१४ ची. ती आल्फ्रेड अँगस स्कॉट या मोटरसायकल कारखानदाराने आपल्याच कामगारांसाठी सुरू केली. (तिथे वेळही मोजतात, पण तो अपवाद.)

या खेळासाठी सुरुवातीला वेगळी गाडी नव्हतीच. रस्त्यावरचीच गाडी घ्यायची, दिवे उतरवायचे, सायलेन्सर वर उचलायचा, मागचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) मोठं बसवायचं आणि निघायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश कारखाने तयार ट्रायल्स गाड्या विकू लागले, तरी त्यांचं मूळ रस्त्यावरच्याच गाडीत होतं. एजेएसच्या १६एमसी आणि मॅचलेसच्या जी३एलसी या नावांतला 'सी' म्हणजे कॉम्पिटिशन. नॉर्टनची ५००टी, एरियल आणि बीएसएच्या एकसिलिंडरी गाड्याही याच जातकुळीतल्या : जड, लांब, आणि मागे कसलंही सस्पेन्शन नसलेल्या. चाक फ्रेमला घट्ट असेल तरच मातीत पकड मिळते, ही तेव्हाची ठाम समजूत.

ती समजूत मोडायला सुरुवात केली रॉयल एनफिल्डच्या ३५० बुलेटने. १९४८ मध्ये ती मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरून वरखाली हलणारी भुजा) घेऊन ट्रायलमध्ये उतरली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत बुलेटने सुवर्णपदकं मिळवली आणि पुढे १९५२ व १९५७ मध्ये जॉनी ब्रिटनने स्कॉटिश ट्रायलही तिच्यावरच जिंकली. बुलेट म्हटलं की आपल्याला धडधडत जाणारी भारदस्त गाडी आठवते. तिच्या तारुण्यात ती दगडांवरून तोल सांभाळत चालायची, हे ऐकून आजही मौज वाटते.

ब्रिटिश चारस्ट्रोक गाड्यांचा सगळ्यांत उंच क्षण १९६१ चा. गॉर्डन जॅक्सनने ३५० सीसी एजेएसवर सहा दिवसांची स्कॉटिश ट्रायल फक्त एक गुण अंगावर घेऊन जिंकली. सहा दिवसांत पाय टेकला तो एकदाच.

ट्रायल्सपटू सॅमी मिलरची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगायला हवी, कारण सगळा पेच तिच्यात आहे. त्याची ५०० सीसी एरियल एचटी५ तिच्या नंबरप्लेटवरूनच ओळखली जाते : जीओव्ही १३२. एरियलने १९५९ मध्ये चारस्ट्रोक गाड्या बनवणं थांबवलं, पण मिलर तिच्यावर कानस चालवतच राहिला. फ्रेम हलक्या नळ्यांची, जमेल तिथे फायबरग्लास आणि ॲल्युमिनियम, अनावश्यक ते सगळं बाद. वजन एकशेदहा किलोंच्या आसपास आलं. १९६२ आणि १९६४ ची स्कॉटिश ट्रायल त्याने तिच्यावर जिंकली. आता सांगा, या गाडीचं 'मूळ रूप' कोणतं? कारखान्यातून निघालं ते, की जिंकलं ते?

१९६४ च्या अखेरीस मिलर बुल्टाकोकडे गेला. मोन्टेसा या स्पॅनिश कंपनीतून बाहेर पडलेल्या फ्रान्सिस्को बुल्टोने १९५८ मध्ये बार्सिलोनाजवळ काढलेली ही कंपनी. तिथे अवघ्या बारा दिवसांत शेर्पा टी घडली असं सांगतात : २४४ सीसी टूस्ट्रोक इंजिन, वजन नव्वद किलोंच्या जरासं वर. १९६५ ची स्कॉटिश ट्रायल मिलरने तिच्यावर जिंकली. परदेशी गाडीने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. जड ब्रिटिश एकसिलिंडरी गाड्या पाहता पाहता कालबाह्य झाल्या. पाठोपाठ मोन्टेसाची कोटा आणि ओस्सा आल्या, मग यामाहाची टीवाय. १९७५ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं, तेव्हा पहिला विजेता मार्टिन लॅम्पकिनही बुल्टाकोवरच होता. पुढे जुन्या गाड्यांच्या स्पर्धा भरू लागल्या तेव्हा रेघ कुठे मारायची हे उघडच होतं. शेर्पाच्या आधीच्या त्या प्री-६५. नंतरच्या, मागे दोन शॉकअब्झॉर्बर असलेल्या त्या ट्विनशॉक. १९८० च्या दशकात यामाहाने मागे एकच शॉकअब्झॉर्बर दिला, तिथे हा दुसरा वर्गही संपतो.

ओळखीची अडचण इथूनच सुरू होते. स्पॅनिश गाडी त्या मानाने सोपी. बुल्टाको शेर्पाच्या नंबरात मॉडेलचा आकडा असतो, १० पासून १९९ पर्यंत, आणि कारखान्यातून निघताना फ्रेम व इंजिनाचे नंबर जुळलेले असत. न जुळणारे नंबर दिसले की इंजिन बदललंय असं समजावं. ग्रीव्हज या ब्रिटिश गाडीची फ्रेमच्या पुढची ओतीव बीम लांबूनच ओळखू येते. पण तिच्यातलं व्हिलियर्स इंजिन डॉट, कॉटन, जेम्स अशा कितीतरी गाड्यांत बसायचं, त्यामुळे नुसत्या इंजिनावरून काही ठरवता येत नाही. सगळ्यांत फसव्या ट्रायम्फ टायगर कब आणि बीएसए सी१५. रस्त्यावरच्या गाडीची ट्रायल्स गाडी करणं तेव्हाही सोपं होतं, आजही आहे. अशा वेळी नंबरचे ठसे पाहावेत, आणि शक्य असेल तर कारखान्याच्या जुन्या पाठवणी-वह्यांशी ताडावेत. ब्रिटनच्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे अशा वह्या जपलेल्या आहेत. कार्ब्युरेटरही बोलतो. अमल कंपनीचा कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटर १९६७ मध्ये आला. तो १९६० च्या गाडीवर दिसला, तर तो नंतर कुणीतरी बसवलेला. यात लबाडी असेलच असं नाही. चांगला भाग मिळाला की स्पर्धक जुना काढून टाकायचाच.

म्हणून क्रोम चढवून लखलखीत केलेली ट्रायल्स गाडी पाहिली की मला खटकतं. त्या इतक्या चकचकीत कधीच नव्हत्या. फूटरेस्ट मागे सरकवल्याचं ओबडधोबड वेल्डिंग किंवा वजनासाठी पाडलेली भोकं हा त्या गाडीचा इतिहास. तो घासून सपाट करू नये. याउलट, जुन्या फ्रेमच्या आकाराची नवीकोरी फ्रेम आणि आत सगळे आधुनिक भाग भरलेल्या 'प्री-६५' गाड्याही मैदानात उतरतात, आणि त्यांवरून होणारे वाद रास्तच आहेत.

काही भागांपुढे मात्र मूळ ते जपण्याची जिद्द चालत नाही. ओस्साची मॅग्नेशियमची आवरणं ओलाव्याने पोखरली जातात; वरून रंग सुंदर दिसतो आणि आत भुगा असतो. फायबरग्लासच्या टाक्यांचं दुखणं त्याहून नवं. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रेझिनला मऊ पाडतं, आणि तो चिकटा थेट कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. त्यामुळे बरेच मालक चालवायला ॲल्युमिनियमची टाकी बसवतात आणि मूळ टाकी कोरडी करून फळीवर ठेवून देतात.