तोफेची दारू आणि बिहारची माती

तोफेच्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा ही तीनच द्रव्ये असत. गंधक ज्वालामुखीच्या प्रदेशांतून येई, कोळसा जवळच्या रानातही पाडता येई. खरी अडचण सोऱ्याची होती. मिश्रणात सर्वांत मोठा वाटा त्याचाच असे. शिवाय ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन हा क्षारच पुरवत असल्यामुळे बाहेरची हवा न मिळताही बंद नळीत दारू पेटे. इ. स. १०४४ च्या सुमारास चीनमध्ये सिद्ध झालेल्या ‘वूजिंग झोंगयाओ’ या युद्धविषयक ग्रंथात दारूच्या कृती आढळतात. पुढे ही विद्या युरोपात पोहोचली आणि तेथील राजांना सोऱ्याची चणचण भासू लागली.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. गोठे, तबेले, कबुतरखाने अशा ठिकाणच्या मलमूत्राने भिजलेल्या मातीत तो सावकाश तयार होतो. इंग्लंडमध्ये राजाची माणसे लोकांच्या घरांची आणि कबुतरखान्यांची जमीन खणून ही माती नेत, आणि १६२६ मध्ये पहिल्या चार्ल्सने तर प्रजेने मूत्र साठवून ठेवावे असे फर्मान काढले. हा क्षार मातीत येतो कसा, हे मात्र दारू वापरणाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक नव्हते. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर सूक्ष्मजीव करतात हे श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखवले, तेव्हा तोफेच्या दारूचे दिवस भरत आले होते.

याच जिवाणूंना बिहारमध्ये फार अनुकूल परिस्थिती लाभली होती. गुराढोरांनी भरलेली दाट वस्ती, चुलीतली राख आणि पावसाळ्यानंतरचा दीर्घ कोरडा काळ यांमुळे मातीतील क्षार पाण्याबरोबर वर चढून पृष्ठभागावर पांढऱ्या पापुद्र्यासारखे साठत. नोनिया समाजाचे लोक ती माती खरवडून पाण्याने क्षार काढून घेत व ते पाणी आटवून कच्चा सोरा करत. तो पुन्हा शुद्ध केला की स्फटिकरूप कलमी सोरा मिळे. डच आणि इंग्रज कंपन्यांनी सतराव्या शतकात पाटण्याच्या परिसरात या व्यापारासाठी चढाओढ केली, कारण हा जड माल जहाजाच्या तळाशी भार म्हणूनही उपयोगी पडे. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, इंग्रजांनी मीर जाफरकडून या व्यापाराची मक्तेदारी मिळवली. प्लासीच्या इतिहासात या गोष्टीला मिळते त्यापेक्षा बरेच अधिक महत्त्व द्यायला हवे, असे मला वाटते.

भारतीय सोरा दुर्मीळ झालेल्या फ्रान्सने १७७५ मध्ये दारूच्या कारभारासाठी नवे खाते उभारले व त्यात लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाला नेमले. त्याच्या हाताखाली शिकलेल्या एल्युथेर इरेने द्यू पाँने १८०२ मध्ये अमेरिकेत डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीकाठी दारूची गिरणी काढली. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर त्याच घराण्यातील लॅमट द्यू पाँ इंग्लंडला जाऊन तेथील साठ्यांतला सोरा विकत घेऊ लागला, पण उत्तरेच्या नौदलाने ब्रिटिश टपालजहाजावरून, फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या दोन दूतांना पकडल्याने तंटा उपस्थित होताच ब्रिटनने तो माल अडवला. दूतांची सुटका झाल्यावरच जहाजांना परवानगी मिळाली. खाणींतल्या सुरुंगांपुरता पर्याय लॅमटने १८५७ मध्येच काढला होता: दक्षिण अमेरिकेतील सोडियम नायट्रेट. ते हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने बंदुकांना मात्र सोराच लागे.