पुनर्स्थापित मसल कारचे मूल्यनिर्धारण

साठच्या दशकाच्या मध्यापासून सत्तरच्या दशकाच्या प्रारंभापर्यंत अमेरिकेत तयार झालेल्या, मध्यम आकाराच्या बॉडीत मोठे व्ही-८, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेले, इंजिन बसवलेल्या वेगवान मोटारींना ‘मसल कार’ म्हणतात. अशी मोटार पूर्ण सुटी करून, गंज काढून, नव्याने रंगवून आणि जुळवून पूर्वरूपात आणली की ती ‘रिस्टोर’ केलेली, म्हणजेच पुनर्स्थापित मोटार ठरते. ती विकत घेण्यापूर्वी तिची खरी किंमत ठरवणे हे आज एक स्वतंत्र कौशल्य मानले जाते, कारण एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या आणि सारख्याच चकचकीत दिसणाऱ्या दोन मोटारींच्या किमतींत काही पटींचा फरक असू शकतो. हा फरक मोटार आज कशी दिसते यापेक्षा ती कारखान्यातून बाहेर पडताना काय होती, आणि ते किती खात्रीने सिद्ध करता येते, यावर अवलंबून असतो.

असे का झाले हे या मोटारींच्या जन्मकथेवरून कळते. मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पाँटिअ‍ॅक विभागाचे तेव्हाचे मुख्य अभियंते जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली ३८९ घन इंचांचे, म्हणजे ६.४ लिटरचे इंजिन टेम्पेस्ट ले मान्स या मोटारीवरील ऐच्छिक पॅकेज म्हणून विकायला काढून त्या नियमातून वाट काढली. सुमारे २९५ डॉलर जास्त मोजून मिळणाऱ्या या पॅकेजचे नाव ‘जीटीओ’ होते, आणि पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० मोटारी खपल्या. शेव्हर्ले, फोर्ड, डॉज, प्लिमथ अशा सगळ्यांनीच पुढे हाच मार्ग धरला. परिणामी नामांकित मसल कार ही बहुधा एका साध्या कौटुंबिक मोटारीची महागडी आवृत्ती असते, आणि साध्या मोटारीवर नंतर तीच यंत्रे, तेच पट्टे व तीच नावपट्टी चढवून महाग मोटारीची नक्कल करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसते. अशा नकलेला बाजारात ‘क्लोन’ किंवा अधिक सौम्यपणे ‘ट्रिब्यूट’ म्हणतात. ती उघडपणे नक्कल म्हणून विकली तर त्यात गैर काहीच नाही. अस्सल म्हणून विकली की फसवणूक होते.

या मोटारींचा काळ मुळात थोडा होता, हेही किमतीमागचे एक कारण आहे. तरुण चालकांना लागणारे विम्याचे चढे हप्ते, १९७० चा स्वच्छ हवेसंबंधीचा कायदा आणि कमी शिशाच्या इंधनासाठी जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलांपासून घटवलेले इंजिनांचे कॉम्प्रेशन यांमुळे मोठ्या इंजिनांचा जोर ओसरला, आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलीसुरली मागणीही संपवली. १९७२ पासून अश्वशक्ती मोजण्याची पद्धतच बदलली. पूर्वी सुट्या इंजिनाची ‘ग्रॉस’ शक्ती छापली जाई, आता मोटारीत बसवलेल्या इंजिनाची ‘नेट’ शक्ती छापली जाऊ लागली. त्यामुळे १९७० आणि १९७२ च्या मोटारींची छापील अश्वशक्ती शेजारी ठेवून तुलना करणारा ग्राहक घसरणीचा अंदाज चुकवतो.

मूल्यनिर्धारणाची पहिली पायरी म्हणजे क्रमांकांची पडताळणी. आज सर्वत्र रूढ असलेला सतरा अक्षरांचा वाहन ओळख क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून आला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची स्वतःची पद्धत होती. १९६८ च्या मॉडेलांपासून हा क्रमांक पुढील काचेतून दिसेल असा डॅशबोर्डवर बसवला जाऊ लागला, आणि साधारणपणे त्याच सुमारास त्याचा काही भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही ठसवण्याची पद्धत पक्की झाली. हे ठसे मोटारीच्या क्रमांकाशी जुळले तर ती ‘नंबर्स मॅचिंग’ ठरते, म्हणजे कारखान्यात बसवलेले मूळ इंजिन अजून तिच्यात आहे. मूळ इंजिन गेलेले असेल आणि त्याच जातीचे, त्याच काळात ओतलेले दुसरे बसवलेले असेल, तर किंमत बरीच उतरते. ओतकामाची तारीख इंजिनाच्या ब्लॉकवरच असते. शेव्हर्लेच्या ब्लॉकवर महिन्यासाठी एक अक्षर, मग दिवस आणि शेवटी वर्षाचा अखेरचा अंक असतो. ‘सी १२ ९’ याचा अर्थ १२ मार्च १९६९. ही तारीख मोटार जुळवली गेल्याच्या तारखेपूर्वीची, बहुधा काही आठवडे आधीची, असायला हवी. ती नंतरची निघाली तर पुढची चर्चा करण्याचे कारण उरत नाही.

ठसा मात्र पुन्हा मारता येतो. शेव्हर्लेच्या व्ही-८ इंजिनावर उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडसमोर एक लहान सपाट जागा असते आणि क्रमांक तेथे असतो. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचिंग यंत्राने तासला जात असे. त्या तासण्याच्या बारीक समांतर रेघा या सपाट जागेवरही उमटत आणि क्रमांक त्या रेघांवर ठसवला जाई. रेघा नाहीशा झालेल्या असतील, किंवा फिरत्या कटरच्या वर्तुळाकार खुणा दिसत असतील, तर जुना क्रमांक घासून नवा मारल्याचा संशय घ्यावा लागतो. अडचण अशी की, इंजिनाची मोठी दुरुस्ती करताना प्रामाणिक कारागीरही हा पृष्ठभाग पुन्हा सपाट करतो, आणि मग अस्सल ठसाही त्याबरोबर जातो. म्हणजे चांगल्या हेतूने केलेली पुनर्स्थापना कधीकधी मोटारीचा सर्वांत मौल्यवान पुरावाच पुसून टाकते. जाणकार ग्राहक म्हणूनच या जागेचे स्पष्ट छायाचित्र मोटार पाहायला जाण्याआधीच मागवतो. ते देण्यास टाळाटाळ झाली तर त्यातूनही काही समजते.

क्रमांक काय सांगतो हे कंपनीगणिक बदलते, आणि फसवणुकीची तऱ्हाही त्यानुसार बदलते. प्लिमथच्या १९७० च्या ‘कुडा’ मोटारीच्या क्रमांकातील पाचवे अक्षर इंजिनाचे असते. तेथे ‘आर’ असेल तरच ती ४२६ घन इंचांच्या, ४२५ अश्वशक्तीच्या हेमी इंजिनाची. म्हणून हेमीची बनावट करणाऱ्याला थेट क्रमांकालाच हात घालावा लागतो. फोर्डच्या क्रमांकातही पाचवे अक्षर इंजिनाचेच असते. शेव्हर्लेची गोष्ट निराळी आहे. १९६९ च्या कॅमॅरोचा क्रमांक फक्त इतकेच सांगतो की मोटार सहा सिलिंडरची होती की आठ. ती एसएस किंवा झेड/२८ ही महागडी आवृत्ती होती की साधी व्ही-८, हे त्यातून कळत नाही. शेव्हर्लेच्याच शेव्हेल या मोटारीत १९६८ पर्यंत एसएस ३९६ ही वेगळी मालिका होती, १९६९ पासून ते पॅकेज झाले आणि क्रमांकातून नाहीसे झाले. जीटीओच्या बाबतीत हाच प्रवास उलट दिशेने झाला. १९६४ व १९६५ च्या मोटारी क्रमांकावरून ओळखता येत नाहीत, १९६६ ते १९७१ पर्यंतच्या मोटारींचा क्रमांक २४२ ने सुरू होतो. नक्कल केलेल्या मोटारी शेव्हर्लेत इतक्या जास्त का, याचे उत्तर बरेचसे या व्यवस्थेत आहे.

क्रमांक गप्प राहतो तेथे कागद बोलावे लागतात. पाँटिअ‍ॅकच्या मूळ बिलांच्या नोंदी पीएचएस या संस्थेकडून मिळतात. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादन नोंदींवर आधारित ‘मार्टी रिपोर्ट’ मोटारीचे मूळ इंजिन, रंग आणि पर्याय सांगतो. कॅनडात विकल्या गेलेल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या नोंदी तेथील कंपनीने जपल्या आहेत, पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हर्ले मोटारींसाठी अशी सोय जवळजवळ नाही; तेथे मूळ विक्रीपत्र, खिडकीवरील किंमतपत्रक, हमीपुस्तिकेतील ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ ही धातूची पट्टी किंवा जुळवणीच्या वेळचा ‘बिल्ड शीट’ हाच आधार. हा बिल्ड शीट सीटच्या स्प्रिंगांत किंवा इंधनटाकीवर अडकून राहिलेला सापडतो. यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्टीची नवी प्रत आज बनवून मिळते. त्यामुळे कागदाचा मजकूर पाहून समाधान मानू नये. तो कोणाकडून कोणाकडे गेला ही मालकीची साखळी, जुनी नोंदणी आणि पुनर्स्थापनेपूर्वीची छायाचित्रे यांच्याशी तो ताडून पाहावा.

डॅशबोर्डवरची ओळखपट्टी आणि इंजिनाच्या कप्प्यातील पट्टी मूळ रिव्हेटांनी बसवलेली आहे का, हे पाहणे आवश्यक असते. जनरल मोटर्स ओळखपट्टीसाठी फुलासारख्या डोक्याचे खास रिव्हेट वापरत असे. शिवाय कंपन्या क्रमांकाचा भाग लपलेल्या जागीही ठसवत. फोर्डच्या मोटारीत तो पुढच्या मडगार्डखालच्या आतील पत्र्यावर, तर प्लिमथ व डॉजमध्ये रेडिएटरच्या आधारपट्टीवर मिळतो. ओळखपट्टी एका मोटारीची आणि बॉडी दुसरीची, असा मामला असेल तर तो येथे उघड होतो. क्रमांकात जाणूनबुजून फेरफार करणे अमेरिकेत संघीय गुन्हा आहे आणि अशी मोटार जप्त होऊ शकते. तेव्हा हा प्रश्न केवळ किमतीचा राहत नाही.

यानंतर पत्रा. यंत्रे बदलता येतात, पण गंजलेली बॉडी नीट करणे हे पुनर्स्थापनेतील सर्वांत खर्चिक काम असते आणि लपवायला सर्वांत सोपेही असते. मागच्या चाकांभोवतीचा व त्यामागचा पत्रा, डिकीचा तळ, पायाखालचा पत्रा, मागच्या काचेची खाच आणि विनाईलचे आच्छादन असलेले छप्पर या नेहमीच्या जागा आहेत. १९६५ ते १९६८ च्या फोर्ड मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालील हवेच्या पोकळीत पाणी साचून ती आतून सडते. बाहेरून काही दिसत नाही, पावसात मात्र पायाशी पाणी येते. पोलादी पत्र्यावर चुंबक धरला आणि तो नीट चिकटला नाही, तर खाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. रंगाची जाडी मोजणारे उपकरण हेच काम अधिक नेमकेपणाने करते. दारांच्या फटी तपासाव्यात, परंतु त्या अगदी तंतोतंत सारख्या असल्याच तर भुलू नये. त्या काळी कारखान्यातले काम इतके काटेकोर नव्हते, आणि स्पर्धांतले कडक परीक्षक अशा ‘अतिपुनर्स्थापित’ मोटारीचे गुणही कापतात.

मोटार लिफ्टवर घेतल्याशिवाय निर्णय करू नये. शेव्हेल व जीटीओ यांना स्वतंत्र चासी असते, मस्टँग आणि कुडा यांची बॉडीच सांगाड्याचे काम करते, तर कॅमॅरोला फक्त पुढे जोडचासी असते. म्हणून गंज कुठे धोक्याचा आणि कुठे केवळ कुरूप, हे मोटारीनुसार ठरते. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगच्या ठिपक्यांऐवजी सलग जोड दिसला, तर तेथला पत्रा बदलला आहे. बदललेला पत्रा हा दोष नव्हे. १९६९ च्या कॅमॅरोची तर अख्खी बॉडीच नवी बनवून मिळते, पण विक्रेत्याने ते सांगितले आहे का हे महत्त्वाचे.

इंजिनाची चाचणी इतर कोणत्याही जुन्या मोटारीसारखीच: ते थंड असताना सुरू करून धूर पाहावा, कॉम्प्रेशन मोजावे, गिअर व ब्रेक चालवून पाहावे. येथे एवढेच लक्षात घ्यावे की ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनलेली होती, तेव्हा दुरुस्तीत कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का ते विचारावे. मीटरवरचे मैल जवळजवळ निरुपयोगी असतात, कारण पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येई.

किमतीचा आकडा ठरवताना हॅगर्टी या कंपनीची चार दर्जांची पद्धत सर्वाधिक वापरली जाते. पहिला दर्जा प्रदर्शनातील सर्वोत्तम मोटारींचा, चौथा चालत्या पण दोष दिसणाऱ्या मोटारींचा. विक्रेते आपली मोटार सर्रास एक दर्जा वर सांगतात. बहुतेक चांगल्या पुनर्स्थापित मोटारी प्रत्यक्षात दुसऱ्या वा तिसऱ्या दर्जाच्या असतात. बॅरेट-जॅक्सन आणि मीकम यांच्या लिलावांतील आकडे वाचताना त्यात खरेदीदाराचे शुल्क धरले आहे का, आणि मोटार खरोखर विकली गेली की बोली राखीव किमतीपर्यंत पोचलीच नाही, हे पाहावे. विक्रमी आकडे साध्या मोटारींना लागू होत नाहीत. जून २०१४ मध्ये सिअ‍ॅटल येथे १९७१ ची उघड्या छताची हेमी कुडा ३५ लाख डॉलरांना गेली, पण त्या वर्षी अशा अवघ्या ११ मोटारी बनल्या होत्या. बाजार खालीही येतो. २००६-०७ च्या सुमारास चढलेले भाव पुढच्या आर्थिक मंदीत चांगलेच उतरले. पुनर्स्थापनेवर झालेला खर्च हा किमतीचा पुरावा नव्हे, ही गोष्ट विक्रेत्याला पटवणे अवघड जाते. पूर्ण काम हजार तासांहून अधिक घेऊ शकते आणि त्याचे बिल पुष्कळदा तयार मोटारीच्या बाजारभावापेक्षा मोठे होते. ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर चांगली केलेली मोटार विकत घेणे हे स्वतः करून घेण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते.

गेल्या काही वर्षांत कल मूळ, हात न लावलेल्या मोटारींकडे झुकला आहे. स्टीव्ह मॅक्वीन यांनी चित्रपटात चालवलेली १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये किसिमी येथील लिलावात शुल्कासह ३७.४ लाख डॉलरांना विकली गेली, तेव्हा तिचा रंग विटलेला होता आणि ती मुद्दामच पुनर्स्थापित केलेली नव्हती. तिचे मोल अर्थातच तिच्या प्रसिद्धीत होते, तरी नव्याने रंगवून ते वाढले असते असे कोणाही जाणकाराने म्हटले नसते. दुसऱ्या टोकाला आधुनिक इंजिन, डिस्क ब्रेक आणि वातानुकूलन बसवलेल्या ‘रेस्टोमॉड’ मोटारी आहेत. त्यांचे भावही मोठे असू शकतात, पण त्यांचे मूल्य कारागिरीवर ठरते, क्रमांकांवर नाही, आणि म्हणून वरील निकष त्यांना लावू नयेत.

भारतात नोंदणीच्या दृष्टीने मूळ रूपाला वेगळे महत्त्व आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘विंटेज’ ठरतात. त्यांना क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि त्यांचा नियमित किंवा व्यावसायिक वापर करता येत नाही.