फुप्फुसातील सरफॅक्टंट : सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधन

फुप्फुसातील वायुकोशांच्या आतल्या ओलसर अस्तरावर पसरलेला स्निग्ध पदार्थांचा अतिशय पातळ थर म्हणजे सरफॅक्टंट. श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटू नयेत, हे त्याचे मुख्य काम. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो पुरेसा तयार झालेला नसतो आणि त्यातून होणाऱ्या श्वासविकाराने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असंख्य बाळे जन्मल्यानंतर दोन-तीन दिवसांत दगावत. या आजाराचे मूळ उलगडण्यात आणि त्यावर उपाय शोधण्यात सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाचा मोठा वाटा आहे.

भिजलेल्या दोन काचा एकमेकींवर ठेवल्या की ओढून निघत नाहीत. ही पृष्ठताणाची, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाला आकसून ठेवणाऱ्या ओढीची किमया. वायुकोशाच्या आतही पाण्याचा असाच पापुद्रा असतो. कोश जितका लहान, तितका तो आतल्या आत जास्त ओढला जातो. म्हणजे सगळ्यात लहान कोश सगळ्यात आधी मिटायला हवेत. प्रत्यक्षात निरोगी फुप्फुसात तसे होत नाही, कारण कोश आकसू लागला की सरफॅक्टंटचे रेणू एकमेकांजवळ दाटतात आणि पृष्ठताण जवळजवळ नाहीसा करतात. या थराचा सुमारे 90 टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा आणि उरलेला प्रथिनांचा असतो. डायपामिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन हा त्यातला प्रमुख रेणू. वायुकोशांच्या भिंतीतील दुसऱ्या प्रकारच्या पेशी हा पदार्थ बनवतात. गर्भात त्याची सुरुवात साधारण चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास होते, आणि पुरेसा साठा व्हायला पस्तिसावा आठवडा उजाडतो. सातव्या महिन्यातले मूल जगते पण आठव्यातले जगत नाही, असा समज आपल्याकडे घरोघरी आहे. तो खरा नाही. फुप्फुसाच्या दृष्टीने पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचाच असतो.

संशोधक कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी 1929 मध्येच दाखवले होते, की फुप्फुस हवेने फुगवण्यापेक्षा द्रवाने भरायला कमी दाब लागतो; म्हणजे फुगण्याला अडथळा पृष्ठताणाचा असतो. त्याकडे पाव शतक कुणी फारसे पाहिले नाही. पुढे 1955 मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड पॅटल यांनी फुप्फुसातून येणाऱ्या फेसाचे बुडबुडे विलक्षण टिकाऊ असल्याचे नोंदवले. अमेरिकी सैन्याच्या मेरीलँडमधील प्रयोगशाळेत विषारी वायूंचा फुप्फुसांवरील परिणाम तपासणारे जॉन क्लेमेंट्स यांनी स्वतः बनवलेल्या उपकरणावर फुप्फुसाच्या अर्काचा पृष्ठताण मोजला. पृष्ठभाग दाबत नेला की तो दर सेंटिमीटरला 10 डाइनच्या (डाइन हे बलाचे एकक) आसपास उतरत होता. शुद्ध पाण्याचा 70च्या आसपास असतो. हे 1957 मध्ये प्रसिद्ध झाले. बोस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञ मेरी एलन एव्हरी या काळात श्वासविकाराने मेलेल्या बाळांची फुप्फुसे तपासत होत्या. क्लेमेंट्स यांची मोजणी समजून घेऊन त्यांनी तीच पद्धत या फुप्फुसांवर वापरली आणि जेरी मीड यांच्यासह 1959 मध्ये निष्कर्ष मांडला: या बाळांच्या फुप्फुसांत पृष्ठताण उतरवणारा पदार्थच कमी आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या याच विद्यापीठात ज्युलियस कोम्रो यांनी उभारलेल्या कार्डिओव्हॅस्क्युलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये (हृदय व रक्तवाहिन्यांवरील संशोधन संस्थेत) क्लेमेंट्स 1961 मध्ये दाखल झाले. भौतिकीच्या भाषेत विचार करणारा शरीरक्रियाशास्त्रज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नवजात अर्भकांचे डॉक्टर तिथे एकाच प्रश्नावर काम करत होते. या विभागाचे खरे बळ हेच होते, असे पुढचा घटनाक्रम पाहता वाटते. त्याच वर्षी मार्शल क्लाउस, क्लेमेंट्स आणि रिचर्ड हॅवेल यांनी गुरांच्या फुप्फुसातून हा पदार्थ वेगळा काढून त्यातील फॉस्फोलिपिडांचे, म्हणजे फॉस्फरसयुक्त स्निग्ध रेणूंचे, महत्त्व दाखवले. ऑगस्ट 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक याच विकाराने 39 तासांत गेला. जगातले सर्वांत शक्तिशाली कुटुंबही या आजारापुढे हतबल होते.

उपाय सोपा वाटत होता: जे कमी आहे, ते द्यावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चमूने सिंगापूरमध्ये आजारी बाळांना डायपामिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिनचा फवारा देऊन पाहिला. टिकाऊ गुण आला नाही आणि रोगाचे मूळ सरफॅक्टंटमध्येच आहे का, अशी शंका त्यांनाही आली. चूक कुठे होती, ते नंतर कळले. हा रेणू एकटा असताना 41 अंश सेल्सिअसच्या खाली ताठर राहतो, त्यामुळे शरीराच्या तापमानाला पाण्यावर पटकन पसरतच नाही. पसरण्याचे काम प्रथिने आणि इतर स्निग्ध रेणू करतात.

दरम्यान दुसरी वाट सापडली, आणि तीही बाळांच्याच कण्हण्यातून. श्वास लागलेले बाळ प्रत्येक उच्छ्वासाला कण्हते, कारण ते स्वरयंत्र अर्धवट मिटून छातीत थोडी हवा अडवून धरते. भूलतज्ज्ञ जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी हाच दाब बाहेरून सतत दिला. 1971 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 20 पैकी 16 बाळे वाचली. नवजात अतिदक्षता कक्षात आज सर्रास वापरले जाणारे ‘सीपॅप’ ते हेच.

क्लेमेंट्स यांच्या गटाची 1972ची फेसचाचणी तर कुठल्याही साध्या प्रयोगशाळेत जमण्यासारखी होती. गर्भजलात अल्कोहोल मिसळून नळी जोरात हलवायची आणि पंधरा मिनिटांनी पाहायचे. कडेला बुडबुड्यांचे कडे टिकून असेल, तर सरफॅक्टंट पुरेसे आहे, म्हणजेच फुप्फुस पिकले आहे.

जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी 1980 मध्ये गाईच्या फुप्फुसापासून बनवलेले सरफॅक्टंट 10 बाळांच्या श्वासनलिकेत सोडले आणि त्यांची प्रकृती झपाट्याने सुधारली. क्लेमेंट्स यांनी मूळ रेणूला पसरवणारी दोन रसायने जोडून ‘एक्सोसर्फ’ हे कृत्रिम औषध तयार केले. त्याला अमेरिकेत 1990 मध्ये मान्यता मिळाली. पुढे प्रथिनांचा अंश असलेले प्राणिजन्य अर्क अधिक लवकर लागू पडतात असे दिसल्याने एक्सोसर्फ मागे पडले.

भारतात ही औषधे मोठ्या रुग्णालयांत मिळतात, पण महाग असल्याने सगळ्यांपर्यंत पोचत नाहीत. म्हणून न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी 1972 मध्ये मांडलेला उपाय आपल्यासाठी अधिक मोलाचा आहे: बाळंतपण वेळेआधी सुरू होतेय असे दिसताच आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, की गर्भाचे फुप्फुस लवकर पिकते. भारत सरकारच्या 2014च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा पहिला डोस उपकेंद्रातील नर्सबाईही देऊ शकतात.