पेटंटसाठी मोफत वकील: अमेरिकेतल्या प्रो बोनो योजनेची पात्रता आणि कागदपत्रं

आधीच सांगून टाकलेलं बरं: या योजनेत वकील फुकट मिळतो, पेटंट नाही. पेटंट कार्यालयाची फी ज्याची त्यालाच भरावी लागते.

२०११ साली मिनेसोटात सुरुवात झाली, आणि आता देशभर प्रादेशिक संस्था ही योजना चालवतात. आपण राहतो त्या भागातल्या संस्थेकडे अर्ज करायचा. ती छाननी करते आणि मग तुमच्या विषयातला स्वयंसेवक पेटंट वकील शोधते. छाननीत पास झालात म्हणजे वकील मिळालाच असं नाही, आणि शोधात काही महिनेही जाऊ शकतात.

उत्पन्नाची अट सहसा अशी असते: कर कापण्याआधीचं घरचं एकूण उत्पन्न केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या तिपटीहून कमी हवं. २०२५ च्या आकड्यांनुसार ही मर्यादा एकट्या माणसाला ४६,९५० डॉलर, चौघांच्या कुटुंबाला ९६,४५० डॉलर होती. काही संस्थांची मर्यादा वेगळी असते, म्हणून थोडक्यात हुकत असाल तरी विचारून बघा.

दुसरी अट, पेटंट म्हणजे काय याची जुजबी माहिती. ती दोन प्रकारे दाखवता येते: प्रोव्हिजनल अर्ज (पूर्ण अर्जाआधी तारीख राखून ठेवणारा तात्पुरता अर्ज) आधीच भरलेला असणं, किंवा पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा मोफत कोर्स पुरा करून मिळालेलं प्रमाणपत्र. इथे घाई नडते. केवळ अट पुरी व्हावी म्हणून लोक प्रोव्हिजनल अर्ज ठोकून देतात आणि १२ महिन्यांचं घड्याळ चालू होतं. तेवढ्यात पूर्ण अर्ज गेला नाही, तर प्रोव्हिजनल अर्जाने मिळालेली आधीची तारीख हातची जाते. शोध लगेच लोकांसमोर आणायचा नसेल तर कोर्सच करा. आणायचाच असेल तर गोष्ट वेगळी: अमेरिकेत शोध लोकांसमोर आल्यानंतर अर्ज करायला वर्षभराची सवलत आहे, बहुतेक देशांत ती नाही.

तिसरी अट सगळ्यात जास्त अर्ज अडवते. नुसती कल्पना चालत नाही. ‘भिंतीला न टेकवता उभी राहणारी शिडी’ ही झाली कल्पना. पाय कुठे दुमडतात, खीळ कुठल्या भोकात बसते, वजन कोणत्या पट्टीवर येतं, हे पेन्सिलीने काढून आणि शब्दांत लिहून दाखवलंत, आणि त्यावरून दुसऱ्या जाणकाराला शिडी बनवता आली, तर तो शोध. यंत्र बनवून नेण्याची गरज नाही.

म्हणून कागदपत्रांत या वर्णनावर आणि आकृत्यांवर वेळ घालवा. बाकी सोपं आहे: उत्पन्नाचा पुरावा म्हणून शक्यतो शेवटचं टॅक्स रिटर्न, आणि कोर्सचं प्रमाणपत्र किंवा प्रोव्हिजनल अर्जाची पावती. काही संस्था छाननीसाठी किरकोळ शुल्कही घेतात.

सरकारी फीबद्दल एक दिलासा आहे. ‘मायक्रो एंटिटी’, म्हणजे कमी उत्पन्नाचे छोटे अर्जदार, ठरलात तर बहुतेक फीवर ८० टक्के सूट मिळते. २०२५ च्या दराने प्रोव्हिजनल अर्जाला ६५ डॉलर पडतात. मात्र नोकरीचा करार नीट वाचा. शोधाचे हक्क ठरावीक मर्यादेहून जास्त उत्पन्न असलेल्या कंपनीला देणं तुमच्यावर बंधनकारक असेल तर ही सूट मिळत नाही.

योजनेत बसत नसाल तर लॉ स्कूलच्या पेटंट क्लिनिकमध्ये चौकशी करा. तिथे विद्यार्थी अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली अर्ज तयार करतात, आणि प्रवेशाचे निकष प्रत्येक कॉलेजचे आपापले असतात.