डायलिसिस रुग्णांतील रक्तवाहिन्यांचे कॅल्सीभवन

मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर (अपोहनावर) असलेल्या रुग्णांच्या रोहिण्यांच्या भित्तीत व हृदयाच्या झडपांत कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे क्षार साचून त्या कडक होण्याची प्रक्रिया. साचणारा क्षार मुख्यतः हाडांत असतो तोच, म्हणजे हायड्रॉक्सिॲपटाइट असतो. रोहिणीच्या अंतःस्तरातील कॅल्सीभवन मेदाच्या थरांसोबत होते व वाढत्या वयात कोणातही आढळते. मध्यस्तरातील कॅल्सीभवन मात्र मूत्रपिंडविकार व मधुमेह यांत विशेष दिसते. त्यात वाहिनीचा मार्ग अरुंद होतोच असे नाही. पण तिची लवचिकता जाते, नाडीतरंगाचा वेग वाढतो आणि हृदयाच्या डाव्या जवनिकेवर (रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्यावर) ताण येऊन तिची भित्ती जाड होते. साध्या क्ष-किरण चित्रात अशी रोहिणी रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर रेषांनी उठून दिसते. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाच्या वेळी श्रोणीतील (ओटीपोटातील) रोहिणी अशी कडक निघाली, तर तिला चिमटा लावणे व टाका घालणे शल्यविशारदाला अवघड जाते.

इतिहास व कारणमीमांसा : हाडांतून सुटलेले कॅल्शियम अन्य ऊतकांत साचते, असे वर्णन रूडॉल्फ फिरखो यांनी १८५५ च्या सुमारास केले. मध्यस्तरातील विकाराला योहान मॉन्केबर्ग यांचे नाव मिळाले, ते त्यांच्या १९०३ मधील वर्णनावरून. तत्पूर्वीही तो पाहिला गेला असावा. रक्तातील कॅल्शियम व फॉस्फेट यांचा गुणाकार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की क्षार आपोआप खाली बसतात, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते. त्यावरची मोठी शंका अशी की निरोगी माणसाच्या रक्तातही हे दोन घटक संपृक्ततेच्या जवळच असतात, तरी त्याच्या वाहिन्या मऊ राहतात. म्हणजे त्यांना रोखून धरणारे काहीतरी शरीरात असलेच पाहिजे. १९९७ मध्ये मॅट्रिक्स जीएलए प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या रोहिण्या पूर्ण कॅल्सीभूत झाल्या व त्या फुटून बहुतेक उंदीर दोन महिन्यांत दगावले. हे प्रथिन कार्यक्षम होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. फेट्युइन-ए, पायरोफॉस्फेट व मॅग्नेशियम हेही असेच रोधक होत. २००० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी रोहिणीभित्तीतील स्नायुपेशींना जास्त फॉस्फेट दिल्यावर त्या अस्थिजनक पेशींसारखे गुणधर्म दाखवू लागल्या. तेव्हापासून ही पेशींनी चालवलेली सक्रिय प्रक्रिया आहे, हे मत बळावले. तथापि निक्षेपणाची सुरुवात पेशींच्या रूपांतराने होते की रूपांतर हाच निक्षेपणाचा परिणाम असतो, याविषयी मतभेद आहेत. दोन्ही गोष्टी एकमेकींना बळ देत असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

विकार किती लवकर सुरू होतो, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीने दाखवले. डायलिसिसवरील वीस वर्षांखालील २३ रुग्णांपैकी एकाच्याही हृदरोहिण्यांत (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांत) कॅल्शियम आढळले नाही. २० ते ३० वयोगटातील १६ पैकी १४ जणांत मात्र ते होते. या बाधित तरुणांच्या पोटात गोळ्यांवाटे जाणारे कॅल्शियमही इतरांच्या जवळपास दुप्पट होते.

फॉस्फेटचे नियंत्रण : हा प्रतिबंधाचा गाभा आहे आणि त्याचे गणित रुग्णाच्या विरोधात जाणारे आहे. चार तासांच्या एका सत्रात सुमारे ६०० ते १,००० मिग्रॅ. फॉस्फरस बाहेर पडतो. सत्रे आठवड्यातून तीनच असतात, आहारातून मात्र रोज १,००० मिग्रॅ.च्या आसपास फॉस्फरस येतो व त्याचा बराच भाग शोषला जातो. धान्ये व कडधान्ये यांतील फॉस्फरस बराचसा फायटेट या सहज न पचणाऱ्या संयुगाच्या रूपात असल्याने कमी शोषला जातो. तयार खाद्यपदार्थांत मिसळलेले फॉस्फेट क्षार जवळजवळ पूर्ण शोषले जातात. त्यामुळे प्रथिने तोडण्यापेक्षा हे पदार्थ टाळणे रुग्णाच्या हिताचे ठरते. फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्या जेवणासोबतच घ्याव्या लागतात. रिकाम्या पोटी त्यांचा उपयोग नाही. रात्रभर चालणाऱ्या दीर्घ डायलिसिसने फॉस्फेट सर्वांत चांगले उतरते.

कोणती गोळी श्रेष्ठ, हा वाद तीसएक वर्षे चालू आहे. ॲल्युमिनियमची संयुगे मेंदूला व हाडांना बाधक ठरल्याने मागे पडली आणि त्यांची जागा कॅल्शियम कार्बोनेट व ॲसिटेट यांनी घेतली. २००२ मधील २०० रुग्णांच्या चाचणीत कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत कॅल्सीभवन वाढत गेले, तर कॅल्शियमविरहित सेव्हेलॅमर घेणाऱ्यांत वाढ आढळली नाही. सेव्हेलॅमर कोलेस्टेरॉलही उतरवते, म्हणून पुढे २००८ मध्ये दोन्ही गटांचे कोलेस्टेरॉल ॲटोर्व्हास्टॅटिन या औषधाने सारखे उतरवून तुलना केली, तेव्हा हा फरक उरला नाही. दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या २००७ मधील चाचणीत एकूण मृत्युदरातही फरक सिद्ध झाला नाही. तरीही कॅल्शियमचा अनावश्यक भार टाळावा, याकडे तज्ज्ञांचा कल असून तो योग्यच वाटतो. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वाढलेले फॉस्फेट सामान्य पातळीकडे आणावे, कॅल्शियमयुक्त गोळ्यांची मात्रा मर्यादित ठेवावी व डायलिसिसच्या द्रवात कॅल्शियम १.२५ ते १.५० मिलिमोल प्रतिलिटर असावे, असे सुचवतात.

इतर उपचार : परावटू ग्रंथी (रक्तातील कॅल्शियमचे नियमन करणाऱ्या मानेतील ग्रंथी) दाबणाऱ्या सिनॅकॅल्सेट या औषधाची २०११ मधील चाचणी कॅल्सीभवनाच्या गुणांकातील (पाहा : मापन) फरकाच्या कसोटीवर थोडक्यात हुकली. २०१२ मधील ३,८८३ रुग्णांच्या चाचणीतही मृत्यू व हृद्‌विकार यांतील घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध झाली नाही. वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारे औषध के जीवनसत्त्वाच्या आड येते, म्हणून ते देताना गरज नीट तोलावी लागते. पण पूरक के जीवनसत्त्वाने कॅल्सीभवन थांबते, असे आतापर्यंतच्या चाचण्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही. डायलिसिसच्या वेळी शिरेतून दिल्या जाणाऱ्या हेक्झासोडियम फायटेटने २०२० मध्ये आशा दाखवली : ५२ आठवड्यांत हृदरोहिण्यांतील कॅल्शियमचे आकारमान औषध घेणाऱ्यांत ११ टक्के, तर इतरांत २० टक्के वाढले. सोडियम थायोसल्फेट मुख्यतः कॅल्सिफायलॅक्सिस या त्वचेतील सूक्ष्म रोहिण्यांच्या वेदनादायक विकारात वापरतात. तेथेही भक्कम पुरावा तुटपुंजा आहे.

मापन : संगणकीय छेदचित्रणावरून काढलेला ॲगॅटस्टन गुणांक (१९९०) सर्वाधिक वापरात आहे. तो अंतःस्तर व मध्यस्तर यांतील कॅल्शियम वेगळे दाखवू शकत नाही. पोटाच्या, कुशीच्या बाजूने घेतलेल्या साध्या क्ष-किरण चित्रावरून महारोहिणीची अवस्था कमी खर्चात कळते. एकदा बसलेला क्षार सहसा विरघळत नाही. यशस्वी प्रत्यारोपणानंतरही बहुधा वाढीचा वेग तेवढा मंदावतो. त्यामुळे उपचारांचे यश गुणांक उतरण्यावर न मोजता त्याच्या वाढीच्या गतीवर मोजतात आणि डायलिसिसच्या सुरुवातीपासूनच, शक्य तर त्याआधीच, फॉस्फेटकडे लक्ष देतात.